व्यवसायोपचार : हाताला पुन्हा काम शिकविणारी विद्या

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही ठिकाणी भर घातली आहे. — सहशिक्षक, बी. ए., बी. एड., कंधार)





फलकावर ‘व्यवसायोपचार’ हा शब्द वाचून सकाळी दोन पालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, “सर, धंद्यासाठी कर्ज देणारे कोणी साहेब येणार आहेत काय?” त्यांचे काही चुकले नाही. व्यवसाय म्हणजे दुकान, आडत, गॅरेज, शिलाईयंत्र, असाच अर्थ आपल्या बाजारपेठेच्या गावात चालतो. इंग्रजीत या विद्येला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, आणि तिकडेही लोकांचा असाच घोटाळा होतो. तेव्हा अगोदर शब्दाचा उलगडा करू या.

माणूस सकाळी उठल्यापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत ज्या ज्या कामात गुंतलेला असतो, ते सारे या शास्त्राच्या भाषेत ‘व्यवसाय’ होय. दात घासणे, अंघोळ, सदऱ्याच्या गुंड्या लावणे, भाकरीचा तुकडा मोडून कोरड्यासात बुडविणे, लेकराला कडेवर घेणे, सायकल चालविणे, बाजारातून भाजी आणणे, नमाज पढणे, वहीत लिहिणे, विटीदांडू खेळणे. आणि हो, पोटापाण्याचा धंदाही त्यातच आला. लहान मुलाचा व्यवसाय खेळणे, विद्यार्थ्याचा लिहिणे-वाचणे, आपल्या दादी-नानीचा व्यवसाय सुपारी कातरण्यापासून नातवंडांना निजविण्यापर्यंत. आजाराने, अपघाताने किंवा जन्मतःच्या दोषाने यातील एखादी गोष्ट करता येईनाशी झाली, की ती पुन्हा करता यावी, किंवा वेगळ्या रीतीने करता यावी, म्हणून जो उपचार केला जातो तो व्यवसायोपचार. औषधाची गोळी नाही, सुई नाही. काम हेच औषध.

दुसरा प्रश्न नेहमी येतो तो असा की, मग ही फिजिओथेरपीच झाली की! दोन्ही विद्या सख्ख्या बहिणी आहेत, एकाच इमारतीत नांदतात, परंतु एकच नव्हेत. ढोबळ मानाने सांगावयाचे तर फिजिओथेरपीचा, म्हणजे भौतिकोपचाराचा, भर स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, वेदना कमी करणे आणि चालणे यांवर असतो. व्यवसायोपचाराचे तज्ज्ञ त्या ताकदीचे आणि हालचालीचे पुढे काय करावयाचे हे पाहतात. खांदा वर उचलता येऊ लागला ही चांगली गोष्ट. पण त्या हाताने टोपी घालता येते काय, पेला तोंडापर्यंत नेता येतो काय? शिवाय ते केवळ माणसाकडे पाहत नाहीत. त्याच्या घराचा उंबरठा किती उंच आहे, संडास कसा आहे, नळाची चावी गोल की दांड्याची, घरात मदतीला कोण आहे, हेही विचारतात. कधी माणसाला बदलावे लागते, कधी वस्तूला, कधी जागेला.

माझ्या नात्यात शिलाईकाम करणारे एक मामू आहेत. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले, म्हणजे अर्धांगवायू झाला. जीव वाचला, घरी आले, आणि ओसरीवरच्या बाजेवर त्यांचा मुक्काम पडला. घरचे सारे सेवेला. मुलगा घास भरवी, सून पाणी पाजी, पाहुणे येऊन सहानुभूती दाखवून जात. चार महिन्यांत मामू बोलेनासे झाले, आणि ते जीभ जड झाली म्हणून नव्हे. पुढे हैदराबादेत एका रुग्णालयात त्यांना दाखविले, तेव्हा तेथील व्यवसायोपचाराच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा : “तुम्हाला सर्वांत आधी कोणती गोष्ट स्वतःच्या हाताने करावीशी वाटते?” घरच्यांना वाटले, मामू शिलाईयंत्राचे नाव घेतील. ते म्हणाले, “वुजू.” दुसऱ्याकडून हातपाय धुऊन घेऊन नमाजला बसणे त्यांच्या जिवाला लागत होते.

मग उपचार तेथूनच सुरू झाला. नळाजवळ टेकण्याच्या पाठीचे बसके स्टूल ठेवण्यास सांगितले. गोल चावीचा नळ काढून दांड्याचा बसविला, तो मनगटाच्या नुसत्या धक्क्याने उघडतो. लोट्याची सवय सोडून वाहत्या धारेची सवय लावली, कारण लोट्याला एक हात अडकला की धुवावयाला दुसरा राहत नाही. डाव्या हाताने उजवा हात धुणे सोपे. पण डावा हात धुवावयाचा कोणी? तर कोपर धारेखाली धरून दंडापासून बोटांपर्यंत हात हळूहळू फिरवावयाचा, आणि उजव्या हातात जी थोडीफार हालचाल उरली आहे तिलाही या कामात ओढावयाचे. रोज पाच वेळा तेच काम, तेही मनापासून! याहून चांगला व्यायाम दुसरा कोणता सांगावा? दीड महिन्यात मामू स्वतः वुजू करून खुर्चीवर बसून नमाज पढू लागले. यंत्रावर ते पुन्हा बसले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. उजवा हात तेवढा परत आला नाही. परंतु आज ते दुकानात बसून माप घेतात. माप घेताना फीत गिऱ्हाईक धरते, आकडा मामू सांगतात.

अशा रोग्यांच्या घरच्यांसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही एकाएकी झाले तर झाडपाल्यात वेळ न घालवता तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे; पहिल्या साडेचार तासांत काही रोग्यांना मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध देता येते. नंतर घरी आणल्यावर रोग्याला उठविताना लुळा हात धरून ओढू नये, खांद्याचा सांधा निसटतो व दुखणे कायमचे मागे लागते. सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत घालावा, मग चांगला. काढताना आधी चांगला काढावा, मग लुळा. जेवताना चमच्याच्या दांड्याला चिंधी किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तो जाड करावा, सैल मुठीत जाड वस्तू टिकते. बोटे आवळत चालली असतील तर हातात चेंडू देऊन ‘दाबा, दाबा’ म्हणण्यापूर्वी तज्ज्ञाला विचारावे. अशा हाताला मूठ मिटण्याची नव्हे, उघडण्याची शिकवण हवी असते. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत अधिक असतो. नेमके तेच महिने आपल्याकडे बाजेवर जातात.

आता ही विद्या आली कोठून, ते थोडक्यात पाहू. कामाने माणूस बरा होतो ही समज फार जुनी आहे. इंग्लंडात यॉर्क येथे १७९६ साली विल्यम ट्यूक या क्वेकर पंथाच्या गृहस्थाने मनोरुग्णांसाठी एक आश्रयस्थान उघडले आणि त्यांना साखळदंडात जखडण्याऐवजी बागेत, शिवणात, घरकामात गुंतविले. अमेरिकेत जॉर्ज बार्टन नावाचा एक वास्तुशिल्पज्ञ होता. क्षयाने पोखरलेला, एका पायाचा भाग कापलेला, डावी बाजू लुळी पडलेली. त्याने बागकाम व सुतारकाम करीत स्वतःलाच सावरले आणि १९१७ च्या मार्च महिन्यात क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी समविचारी मंडळींना बोलावून या विद्येची पहिली संघटना स्थापन केली. पहिले महायुद्ध चालू होते. हात-पाय गमावलेले जवान हजारोंनी परतत होते. त्याच १९१७ साली आपल्याकडे मुंबईत जायबंदी हिंदी सैनिकांना हुन्नर शिकविण्यासाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. ते पुढे पुण्याजवळ खडकीला गेले.

परंतु व्यवसायोपचार शिकविणारी भारतातीलच नव्हे तर आशियातील पहिली शाळा निघाली ती १९५० साली, मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, आणि ती काढणारी बाई होती कमला निंबकर. नाव मराठी असले तरी बाई जन्माने अमेरिकन. माहेरचे नाव एलिझाबेथ लुंडी. त्याही क्वेकर घराण्यातल्या, हा योगायोग पाहा. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या १९३० मध्ये भारतात आल्या, भारतीय नाव घेतले आणि इथल्याच झाल्या. चाळिशी ओलांडल्यानंतर, ज्या वयात आपण ‘आता काय शिकावयाचे राहिले’ म्हणतो, त्या वयात त्या फिलाडेल्फियाच्या शाळेत ही विद्या शिकून आल्या. १९५२ मध्ये त्यांनी अखिल भारतीय संघटना उभारली. त्याच वर्षी या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला, आणि त्याच्या संस्थापक दहा देशांत भारत होता. स्वातंत्र्याला पाच वर्षेही पुरती झाली नव्हती! १९७९ साली त्या निवर्तल्या. फलटणला ‘कमला निंबकर बालभवन’ नावाची मराठी शाळा आहे. शिक्षकांनी ती सवडीने पाहून यावी.

मुंबईतील त्याच काळचे आणखी एक नाव मला आज येथे मुद्दाम घ्यावयाचे आहे, कारण आपल्या मुलींना ते ठाऊक असावयास हवे. फातिमा इस्माईल. मुंबईच्या सोभानी घराण्यातील, उमर सोभानी यांची बहीण, स्वातंत्र्यलढ्यात वावरलेली. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. त्या काळी पोलिओची लस नव्हती. पाय गेला तर गेला, तकदीर म्हणावयाचे आणि गप्प बसावयाचे. या माउलीने मुलीला थेट मद्रासपर्यंत नेऊन उपचार केले आणि चालते केले. येथवर कोणतीही आई जाईल. पण पुढे त्यांच्या मनात आले की, ज्यांना मद्रासचे भाडे परवडत नाही त्यांच्या मुलांचे काय? १९४७ साली त्यांनी मुंबईत अपंग मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्या कामातून हाजी अलीजवळचे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय १९५२ मध्ये उभे राहिले. आणि शेजारीच १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था निघाली, तिच्यामागेही त्यांची खटपट होती. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९७८ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. हाजी अलीच्या दर्ग्याला आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. परतताना समोरच्या या इमारतींकडे कोणी नजर टाकली काय?

पोलिओ आपल्या देशातून गेला. शेवटचा रोगी जानेवारी २०११ मधला, आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. पण म्हणून या विद्येचे काम संपले असे नाही. कामाचे रूप बदलले. आज या तज्ज्ञांकडे सर्वांत मोठी रांग असते ती मेंदूच्या विकासात अडथळा आलेल्या मुलांची. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूच्या इजेमुळे आलेला लुळेपणा किंवा ताठरपणा, स्वमग्नता, मतिमंदत्व, शिकण्यातील विशिष्ट अडचणी. आणि येथे शिक्षक म्हणून मी जरा थांबून बोलणार आहे.

वर्गात एक मूल असते. तोंडी विचारा, फडाफडा उत्तर देते. लिहावयास सांगा, तर पान अर्धे होत नाही. अक्षर ओळ सोडून पळते, पेन्सिलीचे टोक मोडते, हात दुखतो म्हणते. अशा मुलाला आळशी म्हटले जाते, छडी मिळते, पुढे ते शाळा चुकवू लागते, आणि आठवीनंतर एखाद्या गॅरेजवर दिसते. सर्वच मुलांची कथा ही नव्हे. परंतु काहींच्या बाबतीत दोष इच्छेचा नसून हाताचा, डोळा व हात यांच्या मेळाचा किंवा बसण्याचा असतो. लिहिणे बोटांनी होते असे आपल्याला वाटते. वास्तविक ते पाठीपासून सुरू होते. पाठ स्थिर नसेल तर खांदा डगमगतो, खांदा डगमगला की मनगट आखडते, आणि मनगट आखडले की बोटे पेन्सिलीला गळा आवळल्यासारखी धरतात. आपली मुले जमिनीवरच्या पट्टीवर बसून, वही फरशीवर ठेवून, पाठीची कमान करून लिहितात. व्यवसायोपचाराचा तज्ज्ञ प्रथम हे बसणे दुरुस्त करील. उतरत्या फळीवर वही ठेवा, बाकावर बसत असेल तर पाय लटकू देऊ नका, खाली वीट किंवा पाट द्या. मग बोटांचे खेळ. कणीक मळणे, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणे व काढणे, मणी ओवणे, कागद फाडून चित्र चिकटविणे, शेंगा सोलणे. लांब पेन्सिलीऐवजी बोटभर तुकडा द्या, तो तीन बोटांतच धरावा लागतो. आपण उलट करतो. लिहिता येत नाही म्हणून दहा पाने जास्त लिहावयास लावतो. लंगड्याला जास्त पळावयास लावण्याचाच हा प्रकार.

माझ्या ओळखीची एक मुलगी, वय दहा वर्षे, सेरेब्रल पाल्सीची, बुद्धीने चलाख. आईबाप तिला शाळेत पाठवावयास तयार नव्हते, कारण ती बसता बसता कलंडे. तज्ज्ञाने औषध लिहून दिले नाही. सुतारासाठी माप लिहून दिले. दोन फळ्या काटकोनात जोडलेली कोपऱ्यासारखी पाठ, पुढे अर्धगोल कापलेली मेजाची फळी, पायांमध्ये एक लाकडी खुंटा. बहाद्दरपुऱ्याच्या वाटेवरील सुताराने ती खुर्ची दोन दिवसांत करून दिली. त्या खुर्चीत मुलीची मान स्थिर झाली, दोन्ही हात मोकळे झाले, आणि मोकळ्या हाताने तिने काय केले? शेजारणीची वही ओढली. आईला रडू आले, आम्हाला हसू.

माताभगिनींनी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. मूल जन्मल्यावर रडले नाही, काचेच्या पेटीत ठेवावे लागले, किंवा पहिल्या दिवसांत कावीळ जास्त झाली, तर त्याच्या वाढीवर विशेष नजर ठेवावी. चार महिन्यांनंतरही मान धरत नाही, मुठी सतत घट्ट मिटलेल्या राहतात, नऊ महिन्यांपर्यंत बसत नाही, किंवा वर्षाच्या आतच फक्त एकाच हाताने वस्तू घेते व दुसरा हात वापरीतच नाही, यांपैकी काही दिसले तर ‘याचा अब्बाही उशिरा चालला होता’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ पासून चालू आहे, अंगणवाडी व शाळांतून मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. तपासणीचे पथक येते त्या दिवशी मूल घरी लपवू नका. लोक काय म्हणतील या भीतीने पहिली दोन-तीन मोलाची वर्षे जातात. लातूरजवळ हरंगुळ येथे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी ‘संवेदना’ हे केंद्र आहे, तेही पाहून यावे.

आणखी एक कायद्याची गोष्ट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे मानली आहेत. त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमताही आली. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळू शकतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी केंद्राची ‘निरामय’ विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चात अशा थेरपीचाही समावेश होतो. अर्ज भरताना अडले तर शाळेत या, आम्ही शिक्षक बसून भरून देऊ.

आता शेताकडे वळू. सोयाबीनची मळणी सुरू झाली की आपल्या भागात हात गेल्याच्या बातम्या येतात. पेंढी यंत्रात लोटताना बाही अडकते आणि क्षणात पंजा जातो. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नसा आणि कंडरा जोडून देतो. पण जोडलेला हात वापरता आला नाही तर ती मेहनत मातीत जाते. अशा वेळी गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यापासून त्या रोग्याच्या हाताच्या मापाचा आधार करावयाचा, त्याला स्प्लिंट म्हणतात; कोणते बोट किती दिवस स्थिर ठेवावयाचे, कोणते कधी हलवावयाचे, याचे वेळापत्रक पाळावयाचे; आणि पुढे खुरप्याची मूठ जाड करून, विळ्याच्या दांड्याला कोन देऊन त्याला कामाला लावावयाचे, हे व्यवसायोपचारात येते. भाजलेल्या बायांचे हात व मान आखडू नयेत म्हणूनही असेच आधार लागतात. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हाताला गरम तव्याचा चटका कळत नाही, त्याला लाकडी मुठीची सांडशी हवी. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरोग्यांच्या हाती कुदळ आणि हातमाग दिले. त्यांनी ही पदवी घेतली नव्हती, पण मर्म तेच ओळखले होते. मनोरुग्णांबद्दल बोलावयाचे तर स्वतंत्र व्याख्यान लागेल. एवढेच सांगतो की, घरात कोंडून ठेवलेल्या माणसाला रोजचे नेमाने करावयाचे एखादे काम मिळाले, तर दिवसाला पुन्हा सकाळ-संध्याकाळ येते.

या साऱ्यासाठी माणसे हवीत, आणि खरी अडचण तेथेच आहे. कंधार तालुक्यात मला आजवर एकही व्यवसायोपचारतज्ज्ञ भेटला नाही. रोगी नांदेडला जातो, तेथून हैदराबाद, पुणे किंवा मुंबई. रोजमजुरी बुडवून आठवड्यातून दोनदा कोण जाणार? हा उपचार एका खेपेचा नाही, महिनोन्‌महिने चालतो. म्हणजे तो गावाजवळच असावा लागतो.

दुसरीकडे चित्र काय दिसते? आपली हुशार मुले लातूरला, नांदेडला शिकवणीला राहतात, नीटची परीक्षा देतात. घर गहाण पडते. एम. बी. बी. एस. ला नंबर लागला नाही की मुलगा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसतो, मुलीचे मात्र पहिल्याच खेपेस लग्न ठरते. त्याच नीटच्या गुणांवर महाराष्ट्रात व्यवसायोपचाराच्या पदवीला, म्हणजे बी. ओ. टीएच. ला, प्रवेश मिळतो, हे कितीजणांना माहीत आहे? आजवर हा अभ्यासक्रम चार वर्षे व सहा महिन्यांची प्रत्यक्ष उमेदवारी असा राहिला आहे. मुंबई महापालिकेच्या के. ई. एम., सायन व नायर या तिन्ही रुग्णालयांच्या महाविद्यालयांत तो आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहे. काही खाजगी ठिकाणीही आहे, तेथे शुल्क पुष्कळ जास्त. शरीररचना, मेंदू व मज्जासंस्था, मानसशास्त्र, बालविकास यांबरोबर विणकाम, सुतारकाम यांसारखी हस्तकौशल्ये आणि आधार बनविणे, अशी ही विद्या अर्धी रुग्णालयात आणि अर्धी कारखान्यात शिकावी लागते. पदवीनंतर राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी करावी लागते. हिचा कायदा २००२ चा. शिवाय २०२१ मध्ये केंद्राने अशा सर्व संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. नियम त्याप्रमाणे बदलत आहेत, म्हणून प्रवेशाच्या वर्षीचे माहितीपत्रक काळजीपूर्वक वाचावे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर हा व्यवसाय आपल्या घरांतील मुलांना विशेष साजेल. आपण कारागिरांची लेकरे. पिंजारी, मणियार, शिलाईवाले, वेल्डर, गाडी दुरुस्त करणारे. बांगडी भरताना मणियाराच्या बायकोची बोटे पाहा. समोरचीचा हात न दुखविता कसा आकसून घेतात! हाताचे ज्ञान आपल्याकडे पिढ्यांचे आहे. त्याला शरीरशास्त्राची जोड द्यावयाची आहे, एवढेच. आणि उर्दू, दखनी, मराठी तिन्ही बोलणारी व्यक्ती रोग्याच्या घरात शिरून न लाजता विचारू शकते की, “दादी, संडासला कसे बसता?” हा प्रश्न या व्यवसायात रोजचा आहे. पडद्यातील बायांना तो विचारावयाला बाईच हवी.

व्याख्यानानंतर काही प्रश्न आले, त्यांतले तीन येथे देतो.

एका पालकांनी विचारले की, मुलीला मुंबईला एकटी कशी ठेवावी? काळजी रास्त आहे. महाविद्यालयाचे वसतिगृह, त्याचे नियम व जागा प्रवेशापूर्वी स्वतः जाऊन पाहा, आधीपासून तेथे असलेल्या मराठवाड्यातील मुलींना भेटा, मग ठरवा. न पाहता ‘नाही’ म्हणू नका.

दुसरा प्रश्न कमाईचा. मी आकडा सांगणार नाही, कारण तो गावागणिक व माणसागणिक बदलतो. शासकीय व खाजगी रुग्णालये, विशेष मुलांच्या शाळा, प्रादेशिक मनोरुग्णालये येथे नोकऱ्या असतात. स्वतःचा दवाखाना काढता येतो, आणि मोठ्या शहरांत मुलांच्या थेरपीची केंद्रे वाढत आहेत. परदेशातही मागणी आहे, मात्र तेथील परीक्षा द्याव्या लागतात.

तिसरा प्रश्न अकरावीच्या एका विद्यार्थ्याचा होता : “सर, मी गणित घेतले आहे, जीवशास्त्र सोडले आहे. मला चालेल काय?” नाही, चालणार नाही. भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे तिन्ही लागतात. विषय बदलावयाचा असेल तर या आठवड्यातच महाविद्यालयाच्या कार्यालयात चौकशी करा. अर्जासोबत पालकांची सही लागेल.